गाभण घोडी वाणगावला नेली तेव्हा

घोडी गाभण होती आणि लंगडत होती, म्हणून चालवत नेता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण जो भेटेल तो मला एकच विचारतो, कुंभवलीपासून वाणगाव काय लांब आहे, लगाम धरून चालत का नाही नेलीत. पुढच्या डाव्या खुरात पू झाला होता. जनावरांच्या डॉक्टरनी खूर कोरला, पू काढला, पट्टी बांधली आणि बजावलं की पोटात शेवटचा महिना चाललाय, डांबरावर एक पाऊल टाकू देऊ नका. टेंपोत चढवावी तर टेंपोचा हौदा माझ्या छातीएवढा उंच. तेवढी उडी तिनं त्या पोटानं आणि त्या पायानं मारायची म्हणजे दोन्ही जीव घालवायचे. राहता राहिला ट्रेलर.

ट्रेलर हिचा. ही म्हणजे माझी बायको. गेला पावसाळा संपता संपता ती गेली. घोडी तिची, ट्रेलर तिचा आणि वरातीचा धंदाही तिचाच. तिचा बाप वाणगाव स्टेशनावर टांगा हाकायचा, त्यामुळे घोड्याची जात तिला माणसापेक्षा जास्त कळायची. नवरदेव वर बसलेला, पुढं बँडवाले, आणि घोडीचा लगाम धरून साडी खोचलेली बाई चालतेय, असं आमच्या भागात कुणी पाहिलेलं नव्हतं. आधी लोक हसले. मग घोडी फटाक्यालाही हलत नाही हे बघून तिलाच बोलवायला लागले. कारखान्यांच्या एस्टेटमधल्या एका वेल्डरकडून तिनं भंगारातल्या जीपच्या आसावर ट्रेलर बनवून घेतला होता. जमिनीपासून वीतभर उंच, मागं फळी पाडली की घोडी चालतच आत जायची. आत बाजूच्या भोकांत आडवे बांबू अडकवायचे, एक तिच्या पुढं, एक मागं.

मी त्यात कधी पडलो नाही. मी सांगोल्याकडचा माणूस, पोटासाठी इकडं आलो आणि सगळी नोकरी तारापूरच्या कारखान्यात अॅसिडचा टँकर चालवण्यात गेली. ती तिच्या गाडीवर, मी माझ्या. तिचा ट्रेलर ओढायला एक जीपवाला होता, तो आता गुजरातेत वाळूच्या गाडीवर लागलाय.

आजारी पडायच्या आधी तिनंच घोडी नराकडं नेऊन लावून आणली होती. दवाखान्यात पडल्या पडल्या तिचं एकच चाललेलं, पोट दिसायला लागलं का? मी हो म्हणायचो. दिसत काही नव्हतं, पण हो म्हणायचो. ती गेल्यावर पोट दिसायला लागलं. तेव्हा मी ठरवलं की हे शिंगरू जिवंत जमिनीवर पडलं पाहिजे. बाकी माझं काय व्हायचं ते होवो. देवाधर्माचं मी काही फार करत नाही. तिचं म्हणून करायचं एवढंच उरलं होतं.

आणि नेमकं तेव्हाच घोडी बांधायची शेड खाली करायची वेळ आली. जागामालक तिथं कामगारांसाठी खोल्या बांधतोय. माणूस वाईट नाही, दोन महिने थांबला बिचारा. मेव्हण्याला फोन केला. मेव्हणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ, वाणगावजवळ त्याची चिकूची वाडी आहे. तो म्हणाला, "भावजी, त्यात काय विचारायचं? आमच्या वाडीत सावली हाय, गवत हाय. मी जीप घेऊन येतो."

जानेवारीतली सकाळ होती. उन्हं वर यायच्या आत तो आला. जीपच्या मागं हूक होता, चिकूला पाणी द्यायची टाकी तो त्यावरच ओढतो. ट्रेलरची दांडी हुकात अडकवली, पिन घातली, साखळी लावली. आत कारखान्यातल्या पट्ट्याचं जुनं रबर अंथरलेलं होतंच, त्यावर मी भाताचा पेंढा पसरला. घोडी आरामात आत गेली. मग तिच्या मागं, मधे वाट सोडून दोन्ही कडांना, मी सामान लावून घेतलं. पाण्याचा भरलेला पिंप, भुश्श्याची पोती, आणि वरातीच्या साजाची लोखंडी पेटी. ती पेटी दोघांना जेमतेम उचलते.

मेव्हणा म्हणाला, "भावजी, सगळं मागंच?"

"मेव्हणं, उभा जन्म टँकर चालवलाय मी. रिकामी गाडी मागनं उडती. मागं वजन असलं की चाक रस्ता सोडत न्हाय."

"हा, पण..."

"पण काय? तुमी चिकू बघा."

त्यानं जीपची किल्ली पुढं केली. मीच स्टिअरिंगवर बसलो. म्हटलं, हिची घोडी आहे, मीच नेणार.

बोईसरातून जाताना काही कळलं नाही. शिफ्टच्या बसा, रिक्षा, पायी चाललेले कामगार, त्यांच्यात गाडी मुळी पळतच नव्हती. बाहेर पडल्यावर रस्ता मोकळा झाला, जरा उतार आला, आणि मी पाय दाबला. बाजूनं एक रिकामा टँकर जोरात निघून गेला. त्याच्या वाऱ्यानं ट्रेलर एकदा डावीकडं झुकला, मग उजवीकडं, मग परत डावीकडं, आणि दर खेपेला जास्तच. जीपचं बूड कुणीतरी मागनं धरून आडवं ढकलतंय असं वाटायला लागलं. आत घोडीचे पाय धाडधाड आपटत होते.

"ब्रेक मारा! भावजी, ब्रेक मारा!" मेव्हणा ओरडला.

ब्रेक मी मारला नाही. अर्धा भरलेला टँकर हेलकावे खायला लागला की ब्रेक मारायचा नसतो, तेवढं मला येतं. पाय नुसता काढून घेतला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि गाडीला तिची ती दमू दिली. दमली. रस्त्याच्या कडेला चिंचेचं झाड होतं, तिथं जाऊन उभी केली.

उतरलो आणि धावत मागं गेलो. मागची फळी पाडली. घोडी चारी पाय फाकवून उभी, मान घामानं भिजलेली, डोळ्याचं पांढरं दिसत होतं. मी आधी शेपूट उचलून बघितलं. रक्त नव्हतं. पाणी सुटलं नव्हतं. पण आतलं काय? आतलं कोण सांगणार? पोटावर हात ठेवला तर तिची सगळी कातडीच थरथरत होती, त्यात शिंगराचं काय कळणार.

तिला हळूच मागं काढली आणि चिंचेला बांधली. आणि आम्ही दोघे भांडायला लागलो.

"तुमी पळवली किती!"

"तुमची जीपच खिळखिळी हाय."

"जीप? या जीपवर मी भरलेली टाकी ओढतो! टाकी कदी नाय हलली."

"टाकीला पोटात पोर असतंय का?"

"भावजी, आता तुमी कायपण बोलता."

मी रागानं रस्ता ओलांडून पलीकडं लघवीला गेलो. परत वळलो तर गाडी लांबनं, आडवी, पहिल्यांदा नीट दिसली. घोडी काढलेली होती, तरी ट्रेलर खुडूक कोंबडीसारखा बुडावर बसला होता. तोंड वर, ढुंगण खाली. दांडी जीपचं मागचं अंग वर उचलून धरत होती. आणि माझ्या तोंडातनं शब्द गेला, "उलाळ!"

आमच्याकडं बैलगाडीत कडबा भरताना मागं ओझं जास्त झालं की जू वर उचलतं, बैलाच्या मानेला धरच राहत नाही. त्याला उलाळ म्हणतात. लहानपणी गाडी उलाळ झाली की बाप मला पुढं धुरेवर, जुवाजवळ, नेऊन बसवायचा, माझ्या वजनानं जू खाली यायचं. शाळेपेक्षा मी तिथंच जास्त बसलो असेन. आणि तोच मी, टँकरच्या नादात, दोन चाकांच्या गाडीत सगळं ओझं मागं कोंबून आलो होतो. टँकरची चाकं त्याच्या स्वतःच्या बुडाखाली असतात. ट्रेलर तर दांडीवर जगतो. त्याचं नाक जीपवर जरा जड टेकलेलं असलं, तरच तो सरळ मागं येतो.

मी तसाच रस्ता ओलांडून आलो आणि सांगितलं. मेव्हणा म्हणाला, "आमच्या टांग्यातपण तेच. मागे तीन जाड्या बाया बसल्या का घोडा वर उचलायचा. बाबा त्यातल्या एकीला पुढे बोलवायचे. मग भांडण, कोण जाडी ते."

"मग मघापासून बोलला का न्हाईत?"

"तुमी बोलू दिलं कुठं? चिकू बघा बोललात."

खरं होतं. मी हसलो. खोटं कशाला सांगू, ही गेल्यानंतर मी तेव्हाच पहिल्यांदा हसलो.

मग आम्ही सगळं नव्यानं केलं. पिंपातलं पाणी घोडीला दाखवलं, ती प्यायली नाही, म्हणून अर्धं ओतून दिलं आणि पिंप जीपमध्ये घेतला. पेटी आणि पोती ट्रेलरच्या नाकात, घोडीच्या पुढच्या आडव्या बांबूच्या पलीकडं दोरीनं आवळली. मागचा बांबू दोन भोकं पुढं सरकवला, म्हणजे ती मागं रेलली तरी चाकांच्या मागं तिचं ओझं जाणार नाही. तरी दांडी वरच दिसत होती. वाकून बघितलं तर हूक ज्या पट्टीवर होता तिला वाक होता, आणि मेव्हण्यानं ती पट्टी वाक वर करून बसवलेली.

"टाकीची दांडी उंच हाय ना," तो म्हणाला, "म्हणून उलटी मारली."

"म्हंजे तुमची पण चूक हाय."

"हाय. निम्मी."

पाना त्याच्या जीपमध्ये होता. नट गंजलेले, दोघांचे हात सोलले, पण पट्टी उलटली आणि ट्रेलर समपातळीत आला. एका चाकात हवा कमी वाटत होती, तीही त्यानं पायपंपानं भरली. दोन्ही चाकांत सारखी हवा नसेल तर गाडी त्या अंगाला ओढते, हे तर सायकलवाल्यालाही कळतं.

तरी माझा धीर होईना. मी म्हटलं, "मेव्हणं, घोडी इथंच राहू दे. तुमी गाडी चालवा, मी आत उभा राहतो."

"आत? ट्रेलरात?"

"ती उभी राहती तिथं. बघू तरी काय होतंय ते."

त्यानं कपाळाला हात लावला, पण बसला जीपमध्ये. मी घोडीच्या जागी उभा राहिलो, कशाला न धरता, कारण घोडीला कुठं हात असतात. निघाली गाडी. मागनं मोटारसायकलवर दोघं कामगार आले, आम्हाला बघून हळू झाले.

"क्या चाचा, घोड़ी बाहर और आप अंदर?"

"घोडी मालकीन है," मी म्हटलं. "हम नौकर."

ते हसत हसत गेले. मेव्हणा चिंचेपासून पुढच्या वळणापर्यंत गेला, वळून परत आला. ट्रेलर डुलत नव्हता, मागनं पाळलेल्या कुत्र्यासारखा सरळ येत होता. पण माझं आत काय झालं ते मलाच माहीत. सुटताना मी मागच्या बांबूवर आदळलो. थांबताना छाती पुढच्या बांबूला. गतिरोधक त्यानं तिरका घेतला, एक चाक आधी, दुसरं मग. जीपमध्ये बसणाऱ्याला त्यानं बरं वाटतं, पण ट्रेलर पिळवटतो आणि उभा असलेला आडवा फेकला जातो. आणि सगळ्यात वाईट वळण. पुढं काय आहे ते आतल्याला दिसतच नाही. पाय घट्ट करायच्या आधीच वळण येऊन गेलेलं असतं.

उतरून मी कंबर धरून उभा राहिलो. म्हटलं, "मेव्हणं, ही इतकी वर्षं घोडीला इकडनं तिकडं न्यायची, घोडीला कधी काही झालं न्हाय. कसं करायची?"

त्यानं घोडीच्या मानेवर हात फिरवला. "ताई सांगायची तिला."

"कुणाला?"

"घोडीला. ताई जीपमध्ये पुढे बसायची, खिडकीतून डोकं काढून. वळतंय गो बाय. थांबतंय गो. मी दोनदा होतो ना बरोबर. घोडी आवाज आईकली का पाय रोवायची."

हे मला माहीत नव्हतं. एवढी वर्षं एका घरात राहिलो. मी टँकरवर, ती तिच्या गाडीवर.

"मी न्हाय वरडणार," मी म्हटलं. "लोक येडा म्हणतील."

"भावजी, लोक मघाशी तुमाला ट्रेलरात उभं बघून गेले. आता काय राह्यलंय?"

घोडी परत चढवली. दोर आखूड बांधला, पण मान खाली करता येईल एवढा सैल ठेवला. पहिल्या गियरमध्ये क्लच इतका हळू सोडला की जीप निघाली हे मलाच जरा वेळानं कळलं. पहिलं वळण दिसलं. मी खिडकीतनं डोकं काढलं, आणि आवाजच फुटेना. घरात बोलायला कुणी नसतं. लेकीचा फोन येतो, जेवलात का, जेवलो, एवढंच. खाकरलो. मग एकदाचं निघालं, "वळतोय गं!"

गाडी वळली. मागं पायाचा आवाज नाही.

"थांबतोय गं!" पुढं शेळ्या आडव्या आल्या होत्या. लांबूनच पाय काढला, ब्रेक नुसता टेकवला. गतिरोधक आला की दोन्ही चाकं एकदम, सरळ, रांगत. "चढतोय गं... उतरतोय गं..." खड्डा चुकवायला मी झटक्यानं स्टिअरिंग वळवलं नाही, चुकला तर चुकला, नाहीतर त्यातनं हळू काढली. मागनं हॉर्न वाजत होते. वाजू देत. मागची सगळी रांग मी कडेला घेऊन पुढं सोडायचो आणि परत निघायचो. मोठी गाडी ओलांडून गेली तरी ट्रेलर नुसता श्वास घेतल्यासारखा हलायचा आणि गप्प व्हायचा. स्टिअरिंग हातात ठाम लागत होतं, जीपची मागची चाकं रस्ता धरून होती. टँकरवर भरल्या गाडीला लागायचं तसं. ते मला ओळखीचं होतं, आणि माझे खांदे खाली आले.

एवढं शांत चाललं की मलाच भीती वाटली. "मेव्हणं, बघा जरा. हाय का मागं?"

त्यानं वळून बघितलं. "हाय हाय. कान पुढे करून हाय."

थोड्या वेळानं परत, "हाय का?"

"भावजी, घोडी कुठं जाणार हाय? साखळी लावलीय ना."

मग मी विचारलं नाही. ओरडणं मात्र चालू ठेवलं. रस्ता सरळ होता तिथंही मी काहीबाही बोलत राहिलो. डावीकडं भात कापलेली शेतं हायत गं, पलीकडनं आगगाडी चाललीय गं. मेव्हणा हसला नाही, खिडकीबाहेर बघत होता. चांगला माणूस आहे.

वाडीच्या तोंडाशी रस्ता कच्चा आहे. तिथं जीप बैलगाडीच्या चालीनं नेली. चिकूच्या सावलीत थांबलो, चाकांना दगड लावले, फळी पाडली. मेव्हण्याची बायको पाण्याची बादली घेऊन उभीच होती.

"आली गो माजी बाय! आणि भावजी, तुमचा आवाज कशानं बसला?"

"वाटेत गाणी म्हटली," मी म्हटलं.

घोडी मागं मागं पाऊल टाकत उतरली. मान कोरडी. डोळे नेहमीसारखे. दुखरा पाय जरा उचललेला, पण तो आधीपासूनच. मातीला तिनं नाक लावलं, चार पावलं चालली, मागचे पाय फाकवले आणि मुतली. इतका वेळ, इतकी मोठी धार, की मेव्हण्याची बायको तोंडाला पदर लावून हसायला लागली. हसण्यासारखंच होतं, पण मला बरं वाटलं. चालत्या गाडीत घोडी मुतत नाही, दाबून धरते, आणि भ्यालेली असली तर उतरल्यावरही धरून राहते. ही मोकळी झाली म्हणजे तिच्या लेखी प्रवास संपला.

पण मला पाहिजे होतं ते अजून कळलं नव्हतं. मी बादली तिच्यापुढं धरली. विहिरीचं पाणी होतं, गार. आता ती प्यायली, घटाघटा, थांबली, परत प्यायली. बायको मला सांगायची की गार पाणी पोटात गेलं की आतलं जागं होतं. मी तिच्या कुशीला, खाली, मांडीच्या पुढं हात लावला आणि उभा राहिलो. काही नाही. मेव्हणा जवळ आला. त्याची बायको आली. माश्या घोंगावत होत्या, घोडीनं शेपटीनं माझ्या तोंडावर एक फटका दिला. तरी मी हात काढला नाही.

मग तळव्यावर आतनं ठोसा बसला. गुळगुळीत, गोल, गुडघा असेल नाहीतर खूर. आणि लगेच दुसरा, पहिल्यापेक्षा जोरात, जणू म्हणतोय, कोण आहे रे तो.

"हाल्लं," मी म्हटलं. आवाज बसलेला, कुणाला ऐकू गेलं नसेल म्हणून परत म्हटलं, "हाल्लं हो, मेव्हणं."

मेव्हण्यानंही हात लावला आणि त्यालाही लागली लाथ. त्यानं डोळे पुसले. मी नाही पुसले, ते आपोआप वाहत होते, वाहू दिले. छातीवरनं कुणीतरी धोंडा उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं. नीट श्वास येत होता. भूक लागली होती, खरीखुरी, भात आणि माशाचं कालवण पाहिजे अशी.

मी किती वेळ तसाच उभा होतो कोण जाणे. शेवटी मेव्हण्याची बायकोच म्हणाली, "भावजी, काढा आता हात. तिला चरू द्या. आणि तुमी पण चला जेवायला, सगळं गार व्हायला लागलंय."